आईचे लुगडे आणि भाताचा पेंढा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी शास्त्राच्या विषयावर बोलायला उभी राहिले याचे तुम्हांला नवल वाटेल. पण या विषयाशी माझी गाठ घरातल्या ट्रंकेतच पडली.

आई गेली तेव्हा तिचे एक सुती लुगडे मी आठवण म्हणून ठेवले होते. एका पावसाळ्यात ट्रंकेला ओल लागली, ती माझ्या ध्यानात आली नाही. दसऱ्याला उघडून पाहते, तो घडीवर काळपट बुरशी! उचलायला गेले तर हाती चिंध्या आल्या. मला रडू आवरेना. माझी मुलगी कॉलेजात शास्त्र शिकते. ती म्हणाली, "आई, बुरशीने लुगडे खाल्ले, म्हणजे त्यात खाण्याजोगे काही असणारच ना!" तेव्हा मला तिचा रागच आला. पण मग तिने जे समजावले, तेच आज सांगते.

कापूस, पेंढा, उसाचे पाचट, पालापाचोळा या सगळ्यांत सेल्युलोज नावाचा पदार्थ असतो. तो म्हणजे एक प्रकारच्या साखरेचे मणी ओवलेली माळच. आपल्या पोटाला ती माळ तुटत नाही, बुरशीला तुटते. ती एक रस सोडते. त्यातल्या माळ तोडणाऱ्या द्रव्यांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तेही आपल्या लाळेतल्या विकराचेच काम. मात्र ते पिठावर चालते, पेंढ्यावर नाही.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू असेच कुजले. कापड वाचवावे म्हणून शास्त्रज्ञ त्या बुरशीच्या मागे लागले आणि तिचा हा गुण हाती आला. त्यांपैकी एल्विन रीस यांच्यावरून १९७७ साली तिला ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळाले. तिच्या कुळातली बुरशी आपले शेतकरीही पुडीतून विकत आणतात.

पंजाब-हरियाणात भात निघाला की शेतातच पेंढा जाळतात, त्याचा धूर थेट दिल्लीपर्यंत जातो. त्याच हरियाणात, पानिपतला, १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलच्या एका कारखान्याचे लोकार्पण झाले. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल काढावे, अशी त्याची योजना. तंत्र आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचे. आधी पेंढा शिजवून मऊ करायचा, मग विकरांनी त्याची साखर करायची, मग यीस्टने ती आंबवायची. आपण डाळ भिजवून, वाटून, आंबवतो, तसाच हा क्रम.

इथेनॉल काही आपल्याला घरी करायचे नाही. पण मंडळाच्या मागे दर हिवाळ्यात आपण पाचोळ्याला काडी लावतो, आणि शेजारच्या आजींना खोकल्याने रात्रभर झोप येत नाही. त्याऐवजी एक खड्डा खणू या. पाला घालावा, वर शेणकाला शिंपडावा, ओल राखावी, अधूनमधून वरखाली करावे. बाकीचे काम बुरशी आणि जंतू विनावेतन करतील.

आईच्या लुगड्याच्या चिंध्या मी अखेर घरच्या खड्ड्यातच घातल्या. ते खत मोगऱ्याला दिले. आईला मोगरा फार आवडे.