मुंबईची सहल स्वस्तात



पुण्याहून मुंबईला जाऊन त्याच दिवशी परतायचे, तर सकाळी सिंहगड एक्सप्रेस धरावी. ती सुपरफास्ट नाही. डेक्कन क्वीनला दुसऱ्या वर्गात माणशी १५ रुपये अधिभार पडतो. तिघी-चौघींचे काही नाही, पण आपण तीस जणी, म्हणजे जाताना ४५० रुपये वाचले! परतताना मात्र क्वीनच बरी. सिंहगड दुपारीच सुटते, मग राणीची बाग पाहायची कधी? आरक्षणाच्या एका अर्जावर सहाच नावे बसतात, तेव्हा पाच अर्ज लागतील. पाच वर्षांखालील मूल मांडीवर बसणार असेल तर तिकीट नाही. वृद्धांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. तेव्हापासून आपल्या काही आजी ‘मी नाही येत बाई’ म्हणू लागल्या. हे ४५० रुपये त्यांच्या तिकिटांत घालावेत, अशी माझी सूचना आहे.