लेझरच्या ठिपक्यातला रवा

आज एक लाल लेझर पॉइंटर लागेल. मांजराला खेळवायला वापरतात ना, तोच. कुणाच्याही डोळ्यात मारायचा नाही, आरशावर तर अजिबात नाही, हे आधीच सांगतो.

खोलीत अंधार करा आणि भिंतीवर मारा. ठिपका सपाट दिसतच नाही. रवा सांडल्यासारखे दाणे चमचमतात. टॉर्चचा उजेड असा कधी रवाळ दिसतो का?

गंमत म्हणजे हे दाणे भिंतीवर नाहीतच. लेझरच्या लाटा एका तालात निघतात. भिंत खडबडीत, त्यामुळे परतताना कुणाला जरा जास्त अंतर पडतं, कुणाला कमी. तुमच्या डोळ्यात पोचल्यावर काही लाटा एकमेकींना उचलतात, काही एकमेकींना मारून टाकतात. उजेड-अंधाराच्या या जाळीला म्हणतात स्पेकल. चष्मा काढून डोकं हळूच बाजूला न्या. दाणे उलटीकडे पळाले तर नंबर मायनस. माझे पळतात!

बीटेकच्या शेवटच्या वर्षी आम्ही लेझरने वस्तूचा आकार मोजायचा प्रोजेक्ट केला होता. हे दाणे म्हणजे डोकेदुखी. दोन आठवडे फिल्टर लावून पुसत बसलो. आणि इकडे १९८१ सालीच फर्चर आणि ब्रायर्स या दोघांनी नेमक्या त्याच दाण्यांतून डोळ्याच्या पडद्यातला रक्तप्रवाह दाखवायची पद्धत मांडली होती. आम्ही कचरा म्हणून माहितीच फेकत होतो, राव.

पद्धत कोडवाल्यांना लगेच कळेल. रक्तपेशी हलतात, म्हणून दाणेही सतत बदलतात. कॅमेऱ्याचं शटर साधारण ५ ते १० मिलिसेकंद उघडं ठेवा. स्थिर जागी दाणे ठळक येतात, वाहत्या जागी पुसट. मग ७×७ पिक्सेलची चौकट फिरवत जायची आणि प्रत्येक ठिकाणी स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सरासरी. आकडा जितका खाली, तितका प्रवाह जास्त. झालं! नमपायमध्ये मोजून काही ओळी.

परवा घरी साध्या यूएसबी कॅमेऱ्याने करून बघितलं. कागदावर दाणे कडक, शेजारी ठेवलेल्या बोटावर धूसर. बोटाच्या मुळाशी थोडा वेळ रबरबँड आवळला, तर बोटावरही दाणे उमटायला लागले. रक्त अडलं, ते दिसलं! सुई नाही, डाय नाही. अंगावर काटा आला.

भाजलेल्या जखमेत हा फरक फार मोठा ठरतो. कातडीखाली रक्त वाहत असेल तर जखम आपोआप भरायची शक्यता जास्त. नसेल तर दुसरीकडची त्वचा लावावी लागू शकते. पहिल्या एक-दोन दिवसांत हे नुसत्या नजरेने ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं.

पण हा आकडा तुलनेचा आहे. मिनिटाला किती मिलिलिटर रक्त, ते यातून थेट निघत नाही. हात जरा थरथरला तरी चित्र धूसर होतं, आणि कॅमेऱ्याला वाटतं रक्तच जोरात वाहतंय. त्यामुळे एखादं ॲप 'रक्ताभिसरण ७२ टक्के' असं छातीठोक सांगायला लागलं तर आधी विचारा, कशाच्या ७२ टक्के?

रबरबँड मात्र लगेच सोडा हं. भेटू पुढच्या भागात.