बिघाड कोणाचा, भाडे कोणाचे?



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही नववीत शाळा सोडून लेथवर उभे राहिलेले. पुढचे शिक्षण काय ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘बिघडलेले माऊस आणि हेडफोन’ असे उत्तर दिले. ते हसले. आम्ही थट्टा करीत नव्हतो.

साधी गोष्ट घ्या. मुलाच्या अभ्यासासाठी आपण चारशे रुपयांचा माऊस आणता. खोक्यावर एक वर्षाची वॉरंटी छापलेली असते. पाचव्या महिन्यात एकदा दाबले की दोनदा दाबल्यासारखे होऊ लागते. आतल्या बोटभर स्विचची पातळ पट्टी झिजलेली असते. मुलाने काही केलेले नसते. दुकानदार म्हणतो, ‘आमच्याकडे नाही, सर्व्हिस सेंटरला न्या.’ ते सेंटर दुसऱ्या शहरात. एस.टी.चे जाण्यायेण्याचे दोनशे, शिवाय एक खाडा. कुरिअरने धाडावा तर जातानाचे भाडे आपले, आणि कित्येकदा येतानाचेही. माणूस हिशेब करतो आणि नवा माऊस आणतो. कंपनीच्या वहीत मात्र तो जुना माऊस ‘तक्रार नाही’ म्हणून सुखाने नांदत असतो.

आता आमच्या जुन्या कारखान्यातला रिवाज पाहा. आम्ही एका मोठ्या कंपनीला पिना पुरवीत होतो. माप चुकलेला लॉट तिकडे नापास झाला की डेबिट नोट यायची. मालाची किंमत, परतीचे भाडे, फेरतपासणीचा खर्च, सगळे आमच्या मालकाच्या नावे. मालक चरफडत, पण भरीत. हे गैर आहे असे ते कधी म्हणाले नाहीत. ज्याने वाईट माल केला त्याने तो परत न्यायचा, हा व्यापाराचा नियम मोठ्यांना पुरता ठाऊक आहे. गिऱ्हाईक लहान असले की तोच नियम उलटा फिरतो.

या प्रकरणात आम्ही पडलो ते काही वर्षांपूर्वी, तेही पगाराच्या वाटेने. एका कॉल सेंटरात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मुली संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आल्या. प्रत्येकीच्या पगारातून नऊशे रुपये कापले होते. हेडफोन बंद पडले. ठेकेदाराने वॉरंटीत धाडले. सेंटरने ‘हाताळणीतले नुकसान’ असा शेरा मारून परत केले. दोन्ही वेळचे भाडे ठेकेदाराच्या अंगावर पडले, आणि त्याने किमतीसकट ते मुलींच्या अंगावर टाकले. एक मुलगी म्हणाली, ‘काका, मला वाटलं माझाच हात जड आहे.’ प्रत्येकीला तसेच वाटले होते, म्हणून महिनाभर कोणी दुसरीला बोलली नव्हती.

आम्ही सांगितले, बंद पडलेले सगळे हेडफोन टेबलावर मांडा. चौदा निघाले. आम्ही लेथवरचे माणूस. मोडलेली वस्तू दिसली की ती कुठे मोडली ते आधी पाहतो. अकरांची वायर डाव्या कानाच्या वाटीत शिरते तिथून दोन बोटांच्या आत गेलेली होती. तिथली रबरी नळी आखूड आणि कडक. त्यामुळे मान हलेल तसा वायरीला एकाच ठिकाणी बाक पडे. आतल्या तांब्याच्या तारा केसासारख्या. रोज वाकून एकेक तुटते, वरचे प्लास्टिक मात्र अखंड. आवाज आधी येतो-जातो आणि एक दिवस जातो तो जातोच. एक हेडफोन आपटून तुटला असता तर ती हयगय म्हणता आली असती. अकरा जणींचे हात एकाच जागी कसे जड होतील?

उरलेल्या तिनांपैकी एक खाली पडला होता, एकावर चहा सांडला होता, एकाचे कारण आम्हांला सापडले नाही. हे आम्ही पत्रात तसेच लिहिले. मुलींना ते आवडले नाही. पण वॉरंटीत खोटे दावेही येतात, चांगली वस्तूही बिघडली म्हणून परत येते, आणि त्याचा खर्च खरा असतो. खऱ्याबरोबर खोटे दामटले की खरेही बुडते. अकरांचे अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि तुटल्या जागेचे फोटो जोडून पत्र ठेकेदाराला दिले, प्रत माल पुरवणाऱ्याला. नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले असेल आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले असेल, तरच पगार कापता येतो. पगारवाटपाच्या १९३६ च्या कायद्यापासून ते तत्त्व चालत आले आहे. दोन महिने गेले. अकरा हेडफोन बदलून आले, भाडे पुरवणाऱ्याने सोसले.

कंपन्यांना माल परत घेता येत नाही असे नाही. २००६ साली सोनीने बनवलेल्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा एकट्या डेल कंपनीने लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या फुकट बदलून द्यायचे जाहीर केले. २०१४ साली एचपीने अमेरिका आणि कॅनडात मिळून चार्जरच्या सुमारे ६० लाख वायरी परत बोलावल्या. त्या तापून वितळत होत्या. आग लागली की ‘हाताळणीतले नुकसान’ आठवत नाही. वस्तू नुसती मुकाट मरते तेव्हा मात्र आठवते.

युरोपात १९९९ साली एक निर्देश निघाला. विकलेली वस्तू सदोष निघाल्यास विक्रेत्याने ती फुकट दुरुस्त करावी, असे त्यात आहेच. पण ‘फुकट’ म्हणजे काय तेही लिहिले: टपालखर्च, मजुरी आणि सुटे भाग. २०२२ पासून तिथे लागू झालेल्या नव्या निर्देशात वाहतुकीचाही उल्लेख आला. आमच्या मते सगळा वाद त्या एका शब्दाच्या अर्थाचा आहे. आपल्या खोक्यांवर तो शब्द मोठ्या टाइपात असतो आणि त्याचा अर्थ आतल्या चिटोऱ्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत.

आपल्याकडेही अगदी रिते हात नाहीत. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, ज्या कामासाठी म्हणून सांगून आपण दुकानदाराच्या भरवशावर वस्तू घेतली त्या कामाला ती योग्य असली पाहिजे. वॉरंटीचे कार्ड त्यावर आणखी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून चालू झाला, आपण राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. दोष डोळ्यांना दिसण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत धाडू शकतो. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहावा. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी टायपिंगची कामे करणारी बाई जो कीबोर्ड घेते, त्याला लागतो. तक्रारीत भाड्याची पावती आणि बुडालेला खाडा मागायला विसरू नका. बहुतेक लोक वस्तूची किंमत तेवढी मागतात.

दुकानदारावर उगाच डोळे वटारू नका. कोपऱ्यावरचा दुकानदार चारशेच्या माऊसवर जे मिळवतो ते एका पार्सलात जाते. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने आता एक वही ठेवली आहे: कोणता माल, कधी विकला, कधी आणि कुठे बिघडला. महिन्याकाठी एकाच खोक्यात सगळे बिघडलेले नग वितरकाकडे जातात. भाडे एक, आणि एकाच जातीचे पाच नग शेजारी शेजारी दिसले की वितरकाची भाषाही बदलते. आमच्या कचेरीतही तशी वही आहे. कोणाकडे बिल असलेली बिघडलेली वस्तू असेल तर संध्याकाळी सातनंतर आणावी.

त्या मुलींचे पैसे परत मिळाले, दहा जणींचे. अकरावी तोवर काम सोडून गेली होती, आणि तिचा हिशेब मिटला म्हणून ठेकेदाराने हात झटकले. तिच्या नऊशे रुपयांसाठी आम्ही तीन पत्रे लिहिली आहेत. चौथे परवा टाकले.