ज्ञानकोशकार केतकरांची अमरावती

चिखलदऱ्यातली कितीतरी मुलं पुढच्या शिक्षणासाठी घाट उतरून परतवाड्यावरून अमरावतीला जातात. त्याच अमरावतीच्या शाळेत श्रीधर व्यंकटेश केतकर शिकले. जन्म १८८४चा, रायपूरचा. पण घडण वऱ्हाडातली. पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून त्यांनी १९११ साली डॉक्टरेट मिळवली.

त्याच वर्षी कलकत्त्यात नगेंद्रनाथ बसूंचा बंगाली विश्वकोश २२ खंडांत पुरा झाला. मायदेशी परतल्यावर केतकरांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठातच शिकवलं. मराठीत मात्र असा ग्रंथ नव्हता. तो करायचा, हे त्यांनी ठरवलं.

पण पैसा कुठून आणायचा? केतकरांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली. भाग विकायचे, वर्गणीदार जमवायचे आणि त्या बळावर विद्वानांचे पगार, कागद, छपाई भागवायची. परदेशी पदवी घेतलेला हा माणूस वर्गणीसाठी दारोदार फिरला. मला त्यांच्या विद्वत्तेइतकंच याचं मोल वाटतं. ज्ञानकोश एका राजाच्या तिजोरीवर उभा राहिला नाही. वकील, शिक्षक, व्यापारी अशा साध्या वाचकांनी, खंड हातात पडण्याआधीच, त्यावर विश्वास टाकला. हा सगळा व्यवहार केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतः मांडून ठेवला आहे.

पुढे कचेरी पुण्याला गेली आणि १९२०च्या दशकात एकूण २३ खंड निघाले. पहिले पाच प्रस्तावनेचे: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. अकारविल्हे नोंदी सुरू होतात त्या सहाव्या खंडापासून! आधी जगात आपण कुठे आहोत ते पाहा, मग एकेक नोंद वाचा, असा त्यांचा आग्रह. कोशाच्या कामात तयार झालेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला.

केतकरांच्या पत्नी जर्मन ज्यू, मूळच्या एडिथ कोन, लग्नानंतर शीलवतीबाई. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचं जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं, आणि ते छापलं कलकत्ता विद्यापीठानं. त्यांचं ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ हे आत्मकथन जरूर वाचा. केतकरांच्या घरातली ओढाताण त्यात दिसते.

केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांतल्या एकीचं नावच ‘गोंडवनातील प्रियंवदा’. १९३७ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते पुण्यात वारले.

आता त्यांचा ज्ञानकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. आपल्या डोंगरात जिथे रेंज मिळेल तिथे तो मोबाइलवर उघडा. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गावाची, नदीची, किल्ल्याची नोंद शोधा. सापडली तर शंभर वर्षांत काय बदललं ते वहीत लिहा. नसेल, तर ती नोंद तुम्हीच लिहायला घ्या.