भंगारात निघालेल्या लेथची हकिकत

(जबलपूर येथे खंडेनवमीनिमित्त झालेल्या मराठी रेल्वे व पोस्ट कामगारांच्या मेळाव्यातील युनियन सचिवांचे भाषण)



आज खंडेनवमी. सकाळी आपण आपापल्या हत्यारांना हळद-कुंकू लावले, झेंडू वाहिला. पोस्टातल्या साथींनी शिक्क्याची आणि काट्याची पूजा केली असेल. आम्ही महागाई भत्त्यावर बोलावे अशी सूचना होती. तो विषय पुढचे वक्ते घेणार आहेत. आम्ही आज एका लेथबद्दल बोलणार आहोत. हसू नका. त्या लेथपायी एका कामगाराची वेतनवाढ जाणार होती आणि त्यात थोडी चूक आमची, म्हणजे युनियनचीही होती.

जबलपूर हे यंत्रांचे गाव. १८७० साली मुंबईकडून आलेली जीआयपी आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे येथे जोडली गेली. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी निघाली, महायुद्धाच्या काळात खमरियाचा कारखाना, १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी. नैनपूरहून येणारी नॅरोगेज २०१५ पर्यंत येथे येत होती. पण आमची हकिकत मोठ्या कारखान्याची नाही. एक लेथ, एक शेपर, एक स्लॉटर, एक ड्रिल आणि कोपऱ्यात भाता, एवढ्याच पसाऱ्याच्या एका छोट्या वर्कशॉपची आहे. ठिकाणाचे नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

पोस्टातल्या साथींसाठी थोडे सांगतो. लेथमध्ये लोखंडाचा तुकडा चकात धरून फिरवतात आणि टूल त्याला तासत पुढे सरकते. टूल ज्या लांब बिडाच्या पाटावर सरकते त्याला बेड म्हणतात. बेड सरळ तर काम सरळ. बेडला केसाएवढा पीळ पडला तरी काम एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघते. याला आम्ही टेपर म्हणतो. मोजायचे माप थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

आमच्या या वर्कशॉपात पंपाचे लांब बुश तयार होत. एका उन्हाळ्यात बुश नापास होऊ लागले. सहा इंचांत तीन थाऊ टेपर. मिस्त्री जुने टर्नर, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. दोन सेंटरमध्ये धरायचे काम ते टेलस्टॉक जरासा सरकवून सांभाळून घेत. पण बुश चकातच धरावा लागतो, तेथे ती युक्ती चालत नाही. माल परत आला आणि मिस्त्रींच्या हातात एसएफ-११ पडला. कामात निष्काळजीपणा. दहा दिवसांत उत्तर द्या. त्याच आठवड्यात दुसरा कागद निघाला, की लेथ जुना झाला, बेड झिजला, कंडेम करून लिलावात काढावा आणि पुढचे बुश बाहेरून करून घ्यावेत.

आता पाहा, हे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध होते. यंत्र झिजले असेल तर माणूस दोषी कसा? आणि माणूस दोषी असेल तर यंत्र भंगारात का? आम्ही उत्तरात एवढेच लिहून मोकळे होणार होतो. वीस वर्षे असेच कागद लिहिण्यात गेली, सवय लागते. पण मिस्त्री म्हणाले, "सेक्रेटरी साहब, मशीन ठीक है, जमीन खराब है." आम्हांला वाटले म्हातारा वैतागून बोलतो आहे. एक साहेबही म्हणालेच होते, की २२ मे १९९७ च्या भूकंपात फाउंडेशन हलले असेल. मिस्त्रींनी तेही मानले नाही. भूकंपाने हलले असते तर ते कायमचे हलले असते, पावसाळ्यात काम नीट कसे होते, असा त्यांचा सवाल.

मग आम्ही जॉब रजिस्टर मागवले. चार वर्षांची पाने उलटली. आम्ही मॅट्रिक झालेले माणूस, गणित बेताचे, पण तारखा वाचता येतात. नापास बुश सगळे एप्रिल ते जून या महिन्यांतले. ऑगस्टमध्ये एकही नाही. माणूस काही फक्त उन्हाळ्यात निष्काळजी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चकात एक जाड सळई धरली, तिच्यावर दोन ठिकाणी कडी ठेवून बारीक कट घेतला आणि दोन्ही कडी मायक्रोमीटरने मोजली. तीन थाऊ फरक. मग शेजारच्या शेडमधून चांगली लेव्हल मागून आणली, मीटरला दोन शतांश मिलिमीटर दाखवणारी. ती बेडवर आडवी ठेवली, आधी हेडस्टॉकपाशी, मग टेलस्टॉकपाशी. दोन्ही ठिकाणी बुडबुडा वेगळा. म्हणजे बेडला पीळ. झीजही होतीच. चकाजवळ बहुतेक आखूड कामे होतात, तेथे बेड जास्त घासतो. पण ती दीडच थाऊ होती, आणि झीज ऋतू पाहून येत-जात नाही.

पीळ कशाचा? लेथचा एक पाय मुरमावर आणि दुसरा काळ्या मातीवर. नर्मदेच्या काठची ही काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आखडते आणि भेगाळते. तुमच्यापैकी ज्यांचे गाव विदर्भात आहे त्यांना हे सांगायला नको. त्यातही टेलस्टॉककडच्या भिंतीबाहेर हात धुण्याचा नळ होता. त्याची नाली फुटलेली, पाणी पायाशी मुरत होते. म्हणून मातीचा तेवढाच कोपरा बारमाही फुगलेला आणि बाकीची जमीन उन्हाळ्यात आखडलेली. पावसाळ्यात सगळीच ओली झाली की लेथ आपोआप सरळ. निष्काळजीपणाचा सगळा आरोप त्या एका नळावर येऊन थांबला.

आणि आता आमची चूक. त्या नळाची तक्रार आमच्याच युनियनच्या यादीत होती. डबके साचते, डास होतात, म्हणून तीन वर्षांपूर्वी अर्ज दिलेला. पीएनएमच्या बैठकीत दर वेळी तो विषय मागे पडे आणि आम्हीही पुढे रेटला नाही. क्वार्टर, बदल्या, ओव्हरटाइम यांपुढे नाली कोण लढवतो? नाली आणि लेथ यांचा संबंध आमच्या डोक्यात कधीच आला नाही, कारण वर्कशॉपात आम्ही जायचो ते सभासद-पावत्या फाडायला.

रजिस्टरची पाने आणि लेव्हलची मापे जोडून उत्तर दिले. एसएफ-११ मागे घेतला गेला. कंडेमचा कागद मात्र फिरतच राहिला, म्हणून लेथ आधी सरळ करून दाखवायचे ठरले. नाली बांधली. कोपरा मुरूम लागेपर्यंत खणून मुरूम आणि काँक्रीट भरले. पायांखाली प्लेटा आणि जॅक बोल्ट बसवले, म्हणजे पुढे फरक पडला तर पान्याने काढता येईल. बेडची दीड थाऊ झीज तशीच ठेवली. मोठ्या ग्राइंडिंगला पाठवण्याचा खर्च त्या झिजेला परवडत नव्हता. क्रॉस स्लाइड तेवढी स्क्रॅप केली. सपाट प्लेटला निळा रंग पुसायचा, त्यावर भाग घासायचा, जेथे निळे लागते तो उंचवटा समजून जुन्या कानशीच्या स्क्रॅपरने खरवडायचा, पुन्हा घासायचा. दिवसाकाठी हातभर काम होत नाही. आम्ही एक दिवस बसून पाहिले. पाठ धरली, निळे डाग मात्र वाढत गेले.

स्लॉटर आम्ही वाचवला नाही. त्याची बॉडी तडकली होती आणि कोणीतरी तिला साध्या रॉडने वेल्डिंग मारले होते. बीड आधी तापवून आणि राखेत सावकाश थंड करूनच जोडावे लागते, नाहीतर शेजारीच नवी भेग पडते. पडलीच होती. तो भंगारात गेला, आम्ही सही केली. जुने आहे म्हणून कवटाळून बसणारे आम्ही नाही. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, तेथे जुन्या इंजिनांना मान मिळाला, हे चांगलेच आहे. पण जे काम करते त्याला संग्रहालयात नव्हे, फाउंडेशनवर ठेवावे.

लेथ सरळ झाला तसे दुसरे काम आले. मेट्रिक आटे पाडायचे होते. लेथ इंची. देशात मेट्रिक मापे १९५६ च्या कायद्याने आली, लेथ त्याआधीचा. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून अचूक आटे पाडायला १२७ दात्यांचे चाक लागते. ते आमच्याकडे नव्हते, आणि १२७ ला कशानेही भाग जात नसल्याने साध्या इंडेक्सिंगने कापताही येत नाही. मिस्त्रींनी १२७ आणि १०० च्या जोडीऐवजी ८० आणि ६३ ची लावली. आठ हजारांत एक एवढी चूक पडते, मीटरमागे एक अष्टमांश मिलिमीटर. दोन इंची बोल्टला ती कोणाच्या बापाला सापडायची नाही. लांब लीड स्क्रूला मात्र ही जोडी चालणार नाही, हेही त्यांनीच बजावले.

एक गोष्ट राहिली. चाकांवर आणि पट्ट्यावर पत्र्याचे आवरण नव्हते. पूर्वी तेथे एका खलाशाच्या बोटाचे पेर गेले होते. फॅक्टरी कायद्यात १९४८ पासून आवरणाचे कलम होते, पण पत्रा कोणी कापला नव्हता. आम्ही पत्रा बसवल्यावरच पट्टा चढवू दिला.

मिस्त्री आता निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस आलेला नाही. जागा रिक्तच आहे आणि ती सरेंडर होणार असे कानावर येते. त्यांची शेवटची दोन वर्षे मोकळी जाऊ नयेत म्हणून त्यांच्या हाताखाली दोन माणसे द्या, असे आम्ही मागितले. आठवड्यातून दोन दुपारी एक ॲप्रेंटिस मुलगी मिळाली. लेव्हल कशी ठेवायची, दोन कडी कशी मोजायची हे ती शिकली. स्क्रॅपिंग अर्धेच राहिले, कारण तिचे वर्ष संपले आणि ती गेली. ॲप्रेंटिसला नोकरीची हमी नाही. हा विषय पुढच्या पीएनएमच्या यादीत आम्ही पहिला घातला आहे, क्वार्टरच्याही वर. काही साथी नाराज आहेत. असोत.

पोस्टातल्या साथींनो, तुमच्या काट्याची धार झिजली की वजन चुकते आणि कमी पडलेले तिकिटाचे पैसे बाबूकडे मागितले जातात. तेव्हा आधी रजिस्टर काढा, कोणत्या काट्यावर, कोणत्या महिन्यात, ते बघा. ज्यांच्याकडे असे कागद आले असतील त्यांनी शनिवारी चारनंतर ते युनियन ऑफिसात आणावेत, जमले तर काट्यासकट. मिस्त्री शनिवारी येतात. रजिस्टरची पाने फाडून नव्हे, नक्कल करून आणा. चहा युनियनचा.