नॅनोसेकंद मोजताना



कार्यकारिणीचा निरोप आला की यंदा कीर्तन झालं, नाटक झालं, आता तू तुझ्या कामाबद्दल बोल. माझं काम सरकारी पॉलिटेक्निकमधलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत. डिप्लोमा केला आणि तिथंच चिकटलो. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, कोणत्या मुलाला कोणता पार्ट द्यायचा हे बहुतेक वेळा मीच ठरवतो. आजची गोष्ट त्या कपाटाचीच आहे.

आपला सराफा सगळ्यांना माहीत आहे. दिवसा ज्या ओट्यावर सोनार बसतो, रात्री त्याच्याच पुढ्यात गराडूवाला तराजू मांडतो. आता समजा, गराडूच्या तराजूत कुणी नथ टाकली. काटा हलणार नाही. म्हणून नथीला वजन नाही असं आपण म्हणू का? सोनं जोखायला सोनाराचाच काटा लागतो. हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं, पण मी डिप्लोमा घेऊन वीस वर्षं नोकरी केली आणि तरी चुकलो.

आधी नॅनोसेकंद म्हणजे काय ते सांगतो. सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेळात उजेड जेमतेम ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेच्या दप्तरातल्या फूटपट्टीएवढा. आपल्याच इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाचं कडं आहे, घेर सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ उजेडाच्या वेगानं फिरतात आणि एक फेरी सुमारे ५७५ नॅनोसेकंदांत पुरी करतात. तिथं इलेक्ट्रॉनांचे पुंजके एकामागून एक दोन-दोन नॅनोसेकंदांच्या अंतरानं येऊ शकतात. आमच्या प्रयोगशाळेत इतकं काही नाही. पण काही वर्षांपूर्वी अंतिम वर्षाच्या एका मुलानं ठरवलं की कॉरिडॉरमध्ये उजेडाचा वेग मोजायचा.

कल्पना सोपी होती. लेझरचा एक लहानसा ठोका सोडायचा. काचेच्या तिरप्या पट्टीवरून त्यातला थोडा उजेड सरळ फोटोडायोडवर, बाकीचा १५ मीटरवरच्या आरशावर जाऊन परत त्याच फोटोडायोडवर. जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे १०० नॅनोसेकंद. पडद्यावर दोन उंचवटे दिसले पाहिजेत आणि त्यांच्यात १०० नॅनोसेकंदांचं अंतर. ठोका पाडायला त्यानं २एन२३६९ हा जुना ट्रान्झिस्टर वापरला. त्याला जास्त व्होल्टेज देऊन ॲव्हलांचमध्ये ढकललं की तो काही नॅनोसेकंदांत चालू होतो. ही युक्ती त्याची त्यानं वाचून काढली होती, मी शिकवली नव्हती.

पार्ट मात्र माझ्या कपाटातून गेले. बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड, कारण तो डबाभर होता. त्यापुढे ७४१ ॲम्प्लिफायर, कारण तो तर दोन डबे भरून होता. आणि २० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप, कारण दुसरा नव्हता.

पडद्यावर काय दिसावं? गावाबाहेरच्या टेकडीसारखा एकच सुस्त फुगवटा. दोन उंचवट्यांचा पत्ता नाही. मी पाहिलं आणि म्हणालो, "तुझा लेझरच नीट ठोका पाडत नाहीये." त्यानं ते सर्किट तीन वेळा नव्यानं केलं. फुगवटा तोच. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना तो म्हणाला, "सर, माझं सर्किट बरोबर आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. प्रकल्प अपूर्ण धरला गेला.

आता तो फुगवटा कुठून आला ते बघा. ७४१ चा आउटपुट मायक्रोसेकंदाला फार तर अर्धा व्होल्ट चढतो. एक व्होल्ट चढायला दोन मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात उजेड ६०० मीटर जाईल. आमचा आरसा १५ मीटरवर! म्हणजे पहिला ठोका अजून चढतच होता, तेव्हा दुसरा येऊन गेलासुद्धा.

फोटोडायोडचंही तेच. बीपीडब्ल्यू ३४ चं अंग मोठं, साडेसात चौरस मिलिमीटर. उजेड गोळा करायला उत्तम, पण अंग मोठं की धारिताही मोठी, उलटं व्होल्टेज दिलं नाही तर ७० पिकोफॅरडच्या आसपास. ती भरायला-रिकामी व्हायला वेळ लागतो. गंमत अशी की त्याच्या डेटाशीटवर चढण्याची वेळ १०० नॅनोसेकंद छापलेली आहे. पण शेजारी बारीक अक्षरात अट असते: १० व्होल्ट उलटे दिले आणि लोड १ किलोओमचा असला तर. आम्ही व्होल्टेज दिलंच नव्हतं. डेटाशीटमधला ठळक आकडा वाचणारे पुष्कळ, पण शेजारची अट वाचणारे थोडे. मी पहिल्या प्रकारातला होतो.

स्कोपचा हिशेब तर पाठ असायला हवा होता. ०.३५ ला बँडविड्थनं भागलं की स्कोपची स्वतःची चढण्याची वेळ निघते. २० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे साडेसतरा नॅनोसेकंद. ५ नॅनोसेकंदांत चढणारा ठोका त्यावर सुमारे १८ चा दिसतो, कारण या वेळा वर्ग करून मिळवायच्या आणि मग वर्गमूळ काढायचं. तेव्हा तुम्ही ठोका मोजलाच नाही, स्कोपचा आळस मोजलात! मोजणारं यंत्र मोजायच्या वस्तूपेक्षा निदान तिप्पट चपळ असेल तर चूक पाच टक्क्यांच्या आसपास येते. पाचपट चपळ असेल तर दोन टक्क्यांवर. प्रोबवरचं बटण १एक्सवर राहिलं तर चांगल्या स्कोपचीही धाव पाच-दहा मेगाहर्ट्झवर अडते, हे वेगळंच. आणि केबल? साधी आरजी ५८ केबल मीटरमागे ५ नॅनोसेकंद खाते, आणि टोकाला ५० ओमचा टर्मिनेटर नसेल तर ठोका आपटून परत येतो. मांडूला दाईच्या महालासमोर ओरडल्यावर येतो ना आवाज, तसा. मग पडद्यावरचा दुसरा उंचवटा आरशाचा की केबलचा, ते ओळखता येत नाही.

वर्षभरानं प्रयोगशाळेत १०० मेगाहर्ट्झचा स्कोप आला. तो तपासायला ठोका पाडणारं काहीतरी हवं होतं आणि कपाटात त्या मुलाची पाटी पडलेली होती. या वेळी डायोड बदलला. एसएफएच २०३, अंग १ चौरस मिलिमीटर, धारिता ११ पिकोफॅरड, २० व्होल्ट उलटे दिले की ५ नॅनोसेकंदांत चढतो. ॲम्प्लिफायर काढूनच टाकला. डायोडमधून सरळ केबल, टोकाला ५० ओम. यात सिग्नल लहान मिळतो, व्होल्ट नाही, काही मिलिव्होल्ट. पण वेग हवा तर आकार सोडावा लागतो. कमी पडलेला उजेड मी डायोडपुढे भिंग ठेवून भरून काढला.

दोन उंचवटे. टोकदार. मधे १०० नॅनोसेकंद.

संध्याकाळचे सहा वाजले होते, शिपाई कुलूप लावायला आला होता. मी त्याला थांबवून तो पडदा दाखवला. त्याला काय कळणार होतं, पण मला कुणालातरी दाखवायचं होतं. त्या मुलाचा ठोका पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

आता खरेदीबद्दल थोडं, कारण तुमच्यातले बरेच जण सरकारी नोकरीत आहेत. मागणीपत्रात "हाय स्पीड" किंवा "चांगल्या प्रतीचा" असं लिहू नका. सगळ्यात कमी भावाचा माणूस नियमात बसेल असंच काहीतरी आणून देईल आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. चढण्याची वेळ आकड्यात लिहा, किती व्होल्टला आणि किती ओमला तेही लिहा. तुलना करणारी चिप हवी असेल तर एलएम ३११ आणि टीएलव्ही ३५०१ दोघींनाही कंपॅरेटरच म्हणतात, पण पहिली सुमारे २०० नॅनोसेकंद घेते आणि दुसरी साडेचार. स्कोप डिजिटल असेल तर दोन्ही चॅनल चालू असताना सेकंदाला किती नमुने घेतो ते विचारा. एका चॅनलचा आकडा खोक्यावर असतोच. माझा एक अधिकारी अशा मागणीपत्राला "पुराण" म्हणायचा. म्हणू दे.

त्या मुलाचा नंबर शोधून फोन केला. तो आता देवासला इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करतो. मी सगळं सांगितलं, डायोडचं, ७४१ चं, परीक्षकांपुढे मान हलवल्याचंही. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, ती पाटी अजून आहे का?"

आहे म्हणालो. पुढच्या रविवारी बसनं देवासला गेलो आणि दुकानात नेऊन दिली. स्टॉकमधून एक एसएफएच २०३ काढून बरोबर नेला होता, त्याचे पैसे खिशातून भरले, पावती आहे माझ्याकडे. त्यानं डायोड उजेडात धरून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "याला उलटे किती व्होल्ट द्यायचे?"