औषध लागू पडते आहे का? स्वादुपिंडाचा कर्करोग आणि एम.आर.आय.
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांच्या जोडीने वैद्यकालाही एक संध्याकाळ दिल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. विषय काहीसा रुक्ष वाटेल, परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न प्रत्येक घराच्या ओळखीचा आहे. औषध सुरू केले. ते लागू पडते आहे का? साध्या तापात याचे उत्तर दोन दिवसांत मिळते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र ते मिळेपर्यंत बहुधा दोन महिने जातात, आणि रुग्णाच्या हाती असलेल्या काळाचा तो फार मोठा हिस्सा असतो. ही प्रतीक्षा कमी करता येईल का, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पसरलेली ग्रंथी. पाचक रस आणि इन्सुलिन ही तिची देणगी. ती इतकी आत दडलेली असते, की तिच्यातील गाठ सहसा हाताला लागत नाही. कावीळ, पाठदुखी, वजनातील घट ही लक्षणे दिसू लागेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करता येण्याजोगे रुग्ण शंभरात जेमतेम १५ ते २० निघतात. बाकीच्यांचा मुख्य आधार म्हणजे केमोथेरपी.

या औषधांनी काय साधले, हे आकड्यांतच पाहू. २०११ साली फ्रान्समधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग इतरत्र पसरलेल्या ३४२ रुग्णांपैकी निम्म्यांना जेमसिटाबिन हे प्रचलित औषध, तर निम्म्यांना ‘फोल्फिरिनॉक्स’ हे चार औषधांचे मिश्रण देण्यात आले. मध्यम आयुर्मर्यादा पहिल्या गटात ६.८ महिने, दुसऱ्यात ११.१ महिने आढळली. प्रगती निःसंशय मोठी होती. परंतु त्याच चाचणीत नव्या मिश्रणाने गाठ लक्षणीय आक्रसली, अशा रुग्णांचे प्रमाण ३१.६ टक्के होते. आणि रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याचा त्रास सुमारे ४६ टक्के रुग्णांना झाला. म्हणजे गुण येवो वा न येवो, औषधाची किंमत शरीराला मोजावीच लागते. २०१३ साली जेमसिटाबिनला पॅक्लिटॅक्सेलच्या एका नव्या रूपाची जोड दिलेला दुसरा पर्यायही सिद्ध झाला. पर्याय हाताशी असल्यामुळेच पहिला निरुपयोगी ठरतो आहे, हे लवकर कळण्याला अर्थ प्राप्त होतो.

मग ते कळते कसे? प्रचलित रीत अशी, की काही आठवड्यांनी सी.टी. स्कॅन काढावयाचा आणि गाठीची लांबी मोजावयाची. ती ३० टक्क्यांनी घटली तर प्रतिसाद. २० टक्क्यांनी वाढली तर रोगाची आगेकूच. अन्य कर्करोगांत ही फूटपट्टी बरी चालते. स्वादुपिंडात ती फसते, कारण येथील गाठीचा बराच मोठा भाग कर्कपेशींचा नसतोच. तो त्यांच्याभोवती माजलेल्या चिवट तंतुमय ऊतीचा असतो. जुन्या वाड्यातील बिऱ्हाडे निघून गेली तरी रस्त्यावरून वाडा तेवढाच दिसतो. आत कोणी नांदते आहे की नाही, हे बाहेरून उमगत नाही. २०१५ साली बॉस्टन येथील शल्यचिकित्सकांनी प्रसिद्ध केलेला अनुभव असाच होता. फोल्फिरिनॉक्सनंतरच्या स्कॅनवर गाठ रक्तवाहिन्यांना बिलगलेली दिसत असतानाही बहुतेक शस्त्रक्रियांत ती पूर्णपणे काढता आली.

येथे एम.आर.आय.चे साहाय्य होऊ शकते. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून चित्र घडविण्याची पद्धत मांडली. पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला गणिताची आणि वेगाची जोड दिली. दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र मुख्यतः शरीरातील पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनचा संदेश ऐकते. त्यामुळे गाठीच्या आकाराबरोबरच तिच्यातील पाणी किती मोकळेपणाने हलते, हेही मोजता येते. दाटीवाटीने वसलेल्या पेशींमध्ये पाणी अडखळते. औषधाने पेशी मेल्या, त्यांची आवरणे फुटली, की पाण्याला वाट मिळते आणि विसरणाचा आकडा वाढतो. हा बदल आकार घटण्यापूर्वीच दिसू शकतो.

दुसरे मोजमाप रक्तपुरवठ्याचे. शिरेत गॅडोलिनियमयुक्त द्रव्य सोडून काही सेकंदांच्या अंतराने चित्रे घेतली, की ते द्रव्य गाठीत किती त्वरेने झिरपते हे कळते. जेथे ते पोचत नाही, तेथे औषधही पोचत नसावे, असा तर्क. २००९ साली केंब्रिज येथील संशोधकांनी उंदरांमधील अशा गाठींत रक्तपुरवठा किती तोकडा असतो, हे दाखविले आणि तंतुमय ऊती विरळ करणाऱ्या औषधाने केमोथेरपी आत शिरते, असेही आढळले. मात्र त्याच मार्गाने जाणारी एक मानवी चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, कारण ते औषध घेणाऱ्यांची प्रकृती इतरांहून अधिक ढासळत होती. उंदराकडून माणसाकडे येणारा तर्क किती जपून वापरावा, याचा हा धडा आहे.

अडचण आणखीही आहे. तंतुमय ऊतीही पाण्याला अडवते, त्यामुळे विसरणाच्या आकड्याचा अर्थ दरवेळी सरळ लागत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत, ते याही कारणाने. शिवाय एका यंत्रावरील आकडा दुसऱ्या यंत्रावर तसाच यावयास हवा. व्यापाऱ्याला जसे प्रमाणित वजन, तसे येथे प्रमाणित द्रव्य लागते, आणि त्यासाठी शास्त्रज्ञांनी निवडलेली वस्तू अगदी साधी आहे : वितळत्या बर्फातील पाणी. शून्य अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचे विसरण सेकंदाला ०.००११ चौरस मिलिमीटर असते. यंत्राने तेवढेच दाखविले, तर त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवावा. रक्तपुरवठ्याच्या मापनासाठी बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णाबरोबरच यंत्रात ठेवता येईल असे छोटे प्रमाणक उपकरण तयार केले आहे.

आजमितीस ही मोजमापे संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. केवळ त्यांच्या आधारे औषध थांबवावे, एवढा भक्कम पुरावा जमलेला नाही. तेव्हा कोणी ‘एका चित्रात सारे भविष्य सांगतो’ म्हणाला, तर सावध राहावे. परंतु दिशा योग्य आहे. निरुपयोगी औषधाची दोन आवर्तने जरी टळली, तरी रुग्णाला काही आठवडे परत मिळतील. ते दुसऱ्या उपचारासाठी वापरता येतील, किंवा उपचार थांबवून आपल्या माणसांत, आपल्या घरी घालविता येतील. तो निर्णय रुग्णाचा. त्यासाठी लागणारी माहिती वेळेवर देणे, हे आम्हा वैद्यांचे काम.

तोपर्यंत प्रत्येक कुटुंबाला दोन प्रश्न विचारता येतात, आणि ते पहिल्याच भेटीत विचारावेत. औषध लागू पडते आहे की नाही, हे आपण केव्हा आणि कशावरून ठरविणार? आणि ते लागू पडले नाही, तर पुढे काय? हे प्रश्न विचारण्यात अविश्वास नाही. चांगला वैद्य त्यांचे स्वागतच करील.